बारक्याचं आजोळ

कोपर, डोंबिवली पश्चिम
१२ जानेवारी २०२५

कल्पिताताई,

नमस्कार. मी रसिका पाष्टे. परवा पिल्लासाठी फोन केला होता ती मीच. तुम्ही म्हणालात, "फोनवर सगळेच हो हो म्हणतात. घरात कोण कोण आहे, पिल्लू कशाला हवंय, ते कागदावर लिहा आणि पोस्टाने पाठवा. मग बघू." खरं सांगते, मला राग आला. कुत्र्याचं पिल्लू विकत घ्यायचं तर त्यासाठी पत्र कसलं लिहायचं? माझे मिस्टर म्हणाले, "आपण काय मुलगी मागायला चाललोय का?" पण आज रविवारची दुपार मोकळी मिळाली आणि वहीचं पान हाताशी होतं, म्हणून लिहिते आहे.

घरात आम्ही तिघं. मी, मिस्टर सुदेश आणि माझ्या सासूबाई. मी ठाण्याला टेंभी नाक्याजवळ एका पतपेढीत काम करते. सुदेश अंबरनाथला कंपनीत असतो, त्याची शिफ्ट बदलत असते. सासूबाई दिवसभर घरी असतात, त्यामुळे पिल्लू एकटं पडणार नाही. घर दुसऱ्या मजल्यावर आहे. दोन खोल्या, किचन आणि एक गॅलरी. आम्ही मूळचे कोकणातले, मासे-मटण घरात शिजतं, तेव्हा त्याच्या खाण्याचीही अडचण नाही.

पिल्लू कशाला हवंय, इथे येऊन मात्र पेन थांबलं. आमच्या घरात आवाज नसतो. तिघंही दमून बसलेले असतो आणि दमलोय हे एकमेकांना कळू देत नाही. सुदेशने मोबाईलवर तुमच्या पिल्लांचा फोटो बघितला, शेफर्ड आणि हस्की मिक्स, आणि मला किचनमधून हाक मारली, "अगं, इकडे ये, हे बघ." कित्येक महिन्यांत त्याने मला काही दाखवायला अशी हाक मारली नव्हती. कारण विचाराल तर हे एवढंच आहे.

घरात सगळ्यांची तयारी आहे. सुदेशला एक ओळ लिहायला सांगितली, ती खाली आहे.

तुमची
रसिका पाष्टे

सकाळी मी फिरवीन, शिफ्ट कुठलीही असो. – सुदेश


शहाड
१८ जानेवारी

रसिकाताई,

पत्र मिळालं. पूर्ण वाचलं, दोनदा वाचलं.

आधी पिल्लांचं खरं काय ते सांगते. मी शेफर्डची पैदास करते. हा मिक्सचा उद्योग माझा नाही. एका साहेबांनी त्यांचा हस्की "महिनाभर सांभाळा" म्हणून आमच्याकडे आणून सोडला आणि नंतर फोन नंबरच बदलला. त्या हस्कीने एके दिवशी मधली भिंत ओलांडली आणि आमच्या काळीला पाच पिल्लं झाली. फोटो टाकल्यापासून फोन थांबत नाहीत. सगळ्यांना निळे डोळे हवेत. पुढे एप्रिल आला की त्याच लोकांचे फोन येतात, "ताई, हा केस फार गाळतो, दिवसभर धापा टाकतो, परत घ्या." गेल्या उन्हाळ्यात दोन कुत्री अशी परत आली. एक तर आमच्या गेटला बांधून लोक निघून गेले. तेव्हापासून मी पत्र मागते. ज्याला एक पान लिहायचा कंटाळा येतो, तो पहाटे उठून कुत्र्याला फिरवणार नाही, असं आपलं माझं मत.

तुम्ही लिहिलंय, सगळ्यांची तयारी आहे. मग सासूबाईंची ओळ कुठे आहे? तुम्ही दोघं कामावर. पिल्लू दिवसभर त्यांच्या पायात घुटमळणार. मला त्यांच्या हातची ओळ हवी. ती नसेल तर पिल्लू नाही.

जरा तोडून बोलते आहे, राग मानू नका. मीही दमले आहे. काळीचं वय झालं. ही तिची शेवटची पिल्लं, आणि बहुधा माझीही. ती चांगल्या घरी पडली की मी हे सगळं बंद करणार आहे.

कल्पिता तरे


कोपर
२४ जानेवारी

कल्पिताताई,

पकडलंत मला. सासूबाई ओळ देत नाहीत.

मी वही पुढे केली तेव्हा त्या मेथी निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "माणसाचं पोर झालं नाही म्हणून आता कुत्र्याचं आणताय काय?"

लिहायला घेतलंच आहे तर सगळंच लिहिते. लग्नाला वीस वर्षं होतील. ठाणे झालं, दादर झालं, डॉक्टर झाले, इंजेक्शनं झाली. मग एका वर्षी आम्ही दोघांनी न बोलताच ते सगळं थांबवलं. सासूबाईंनी मला कधी टोमणा मारला नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. त्यांनी गावच्या देवीला नवस बोलला होता, नातवंडाचं जावळ तुझ्या नावाने काढीन म्हणून. सुरुवातीला त्या नवसाची आठवण काढायच्या. मग तीही काढेनाशा झाल्या. इतकी वर्षं त्यांनी मला काहीच विचारलं नाही, आणि त्या न विचारण्याचं ओझं मी रोज ठाण्याला नेते आणि परत आणते. पहिल्यांदाच काही बोलल्या त्या हे मेथी निवडताना.

तेव्हा ओळ मिळणार नाही. तुम्ही नाही म्हणालात तर माझा तुमच्यावर राग नाही.

रसिका


शहाड
२९ जानेवारी

रसिकाताई,

ओळ राहू दे. सासूबाईंना रविवारी आमच्याकडे घेऊन या. पिल्लू बघायला म्हणू नका, चहाला बोलावलंय म्हणा. माझ्याही घरात एक सासू आहे.

कल्पिता


कोपर
११ फेब्रुवारी

कल्पिताताई,

पिल्लू सुखरूप आहे. आत्ता मी लिहिते आहे आणि ते माझ्या चपलेवर डोकं ठेवून झोपलं आहे.

त्या रविवारी तुमच्या अंगणात जे झालं ते मी अजून मनात घोळवते आहे. आमच्या सासूबाई गेटातच थांबल्या, पदर नाकाला लावून. आणि तुमच्या सासूबाईंनी, ठमाबाईंनी, ओट्यावरून हाक मारली, "बस गो बाय. कुत्रा काय तुना खात नाय." मग त्या दोघी बोलत काय बसल्या! गुडघे, बीपीच्या गोळ्या, पूर्वीची मिठागरं, आमच्याकडची भातं. आम्ही सुनाच तेवढ्या अवघडून उभ्या. त्यात ते सगळ्यात लहान पिल्लू, एक कान उभा आणि एक पडलेला, आलं आणि सासूबाईंच्या पायावर बसलं. त्यांनी पाय मागे घेतला नाही. रिक्षात बसेपर्यंत ते त्यांच्या मांडीवर होतं आणि त्या मलाच रागावत होत्या, "नीट धरता येत नाही तुला, दे इकडे."

निघताना ठमाबाईंनी त्याच्यावरून मूठभर मीठ ओवाळलं ते मला फार आवडलं. "पोरावरशी मीठ ववालल्याशिवाय घराभायेर धारत नाय आमी," म्हणाल्या. सासूबाईंनी तेव्हा हात जोडले होते, तुम्ही बघितलंत का?

तुम्ही सांगितलेलं सगळं कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहून ठेवलं आहे. फिरवणं उजाडायच्या आत, दुपारी खाली न्यायचं नाही, पाणी दोन ठिकाणी, इंजेक्शनच्या तारखा. महिन्याला पत्रही लिहीन. नाव तुमच्याकडचंच ठेवलंय, बारक्या. सासूबाई म्हणाल्या, "दोनदोन नावं कशाला, गोंधळेल तो."

रसिका


कोपर
१४ एप्रिल

कल्पिताताई,

मार्चचं पत्र राहून गेलं, माफ करा. वर्ष अखेरीची कामं होती.

बारक्या आता नावाला बारक्या राहिलेला नाही. दोन्ही कान उभे झाले. सुदेश शब्दाला जागला आहे, रात्रपाळी करून येतो आणि चहाही न घेता त्याला खाली नेतो. सोसायटीत आधी कुरबुर झाली, आता तीच माणसं गेटवर थांबून त्याला हाका मारतात.

पण ताई, केस! कणकेत केस, देव्हाऱ्यात केस, माझ्या पतपेढीच्या साडीवर केस. झाडून झाडून कंबर गेली. आणि उकाडा तर तुम्ही जाणताच. तो दिवसभर बाथरूमच्या लादीवर पोट टेकून पडलेला असतो. सासूबाई त्याच्याजवळ स्टूल टाकून बसतात आणि वर्तमानपत्राने वारा घालतात. परवा म्हणाल्या, "एवढी लोकर घेऊन हे पोर डोंबिवलीत कसं जगायचं?" हो, आता त्या त्याला पोर म्हणतात. मी आत जाऊन थोडी रडले.

या केसांवर काही उपाय असेल तर कळवा. लवकर कळवा.

रसिका


शहाड
२ मे

रसिकाताई,

तुमचं पत्र येऊन पडलं होतं, फोडलं आज. काळी आजारी होती. गेल्या आठवड्यात ती गेली. शेवटचे दिवस मी तिच्याजवळच गोधडी टाकून होते. माझा मुलगा हर्षित म्हणतो, "आई, आता बस कर, झाला एवढा व्याप." बसच करायचंय. पण सकाळी उठून मी अजून तिचं ताट काढते आणि मग परत ठेवते.

केसांचं सांगते. रोज विंचरा, आतपर्यंत विंचरा, मोकळे केस निघून जाऊ देत. पंख्याखाली ठेवा, पोटाला ओलं फडकं लावा. पण कात्री-मशीन अजिबात लावू नका. हे मी तुम्हाला फेब्रुवारीतच सांगायला हवं होतं, पण कुणी असं करेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. त्याच्या अंगावर केसांचे दोन थर आहेत. थंडी अडवतात तेच ऊनही अडवतात. काढले तर त्याला गार वाटत नाही, उलट कातडी उघडी पडून भाजते, आणि मग केस पहिल्यासारखे येतीलच असं नाही.

काळीचं आता तेवढंच एक पिल्लू डोळ्यांसमोर आहे. बाकीची पिल्लं लांब गेली, पुणे, नाशिक. त्याला जपा.

कल्पिता


कोपर
७ मे

कल्पिताताई,

काळीचं वाचून वाईट वाटलं. काय लिहावं ते सुचत नाही.

बारक्या मजेत आहे. तुम्ही सांगितल्याप्रमाणे रोज विंचरतो. काळजी करू नका. ऑफिसात ऑडिट आहे, म्हणून थोडक्यात लिहिते.

रसिका


शहाड
१२ मे

रसिकाताई,

शनिवारी डोंबिवलीला एका लग्नाला यायचं आहे. जाता जाता बारक्याला बघून जाईन. मन लागत नाही. चहाबिहाचं करू नका, पाच मिनिटं येईन.

कल्पिता


कोपर
१८ मे

कल्पिताताई,

तुमचं कार्ड मला काल संध्याकाळी मिळालं. तुम्ही येऊन गेल्यावर.

शनिवारी आमचा अर्धा दिवस असतो. मी जिना चढताना रोज दाराआड त्याची नखं लादीवर वाजतात. काल वाजली नाहीत. आत सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर त्याचा पट्टा होता. म्हणाल्या, "त्या शहाडच्या बाई आल्या होत्या. मी कौतुकाने सगळं दाखवलं. त्या रडायलाच लागल्या आणि त्याला घेऊन गेल्या. आता माझ्याकडेच राहील म्हणाल्या. मी काय केलं गं, रसिका?"

आता खरं लिहिते. तुमचं पत्र माझ्या हातात पडलं त्याच्या आधी, अक्षय्य तृतीयेला, आमच्या घरी बारक्याचं जावळ झालं होतं.

सासूबाईंनी ते कधी ठरवलं मला माहीत नाही. आदल्या दिवशी मला म्हणाल्या, "उद्या रजा टाक आणि साडी नेस." माझा भाऊ तानाजी ठाण्याहून आला, इस्त्रीचा शर्ट घालून, कारण जावळाला मुलगा मामाच्या मांडीवर बसतो. खालच्या सलूनमधल्या सहदेवला बोलावलं होतं. तो वर आला, कुणाचं जावळ आहे ते बघितलं आणि हात जोडले. "काकू, सोडा मला. उद्या माझ्या खुर्चीत गिऱ्हाईक बसणार नाय." मग तानाजीनेच स्वतःचं दाढीचं मशीन काढलं. सुदेश हसत होता. मीसुद्धा हसत होते. पाट मांडला, रांगोळी काढली, बारक्याच्या कपाळाला कुंकू लावलं. तो इतका शहाण्यासारखा बसला, तानाजीचा हात चाटत.

मशीन सुरू झालं तेव्हा मला धाकधूक वाटली. मी म्हणाले, "आई, आधी कल्पिताताईंना विचारूया का? त्यांचं पत्र येईल एवढ्यात." सासूबाई म्हणाल्या, "पदर धर. आमच्यात केस आईच्या पदरात घेतात. आई ना तू त्याची?"

ताई, वीस वर्षांत मला तो शब्द कुणी लावला नव्हता. आणि लावला तो त्यांनी. मग मी पदर धरला. सगळे केस माझ्या पदरात पडत गेले आणि मला इतका आनंद झाला होता की बाकी काही दिसतच नव्हतं.

चौथ्या-पाचव्या दिवशी सासूबाई त्याला दुपारी खाली घेऊन गेल्या, शेजारणींना दाखवायला. पाठ तेव्हा भाजली. त्या दिवसापासून त्या खोबरेल लावत होत्या आणि तुमच्या पत्राचं मी त्यांना सांगितलंच नाही. तुम्हालाही खोटं लिहिलं. मला वाटलं होतं, केस येतील तेवढ्यात, तुम्हाला कळणारही नाही.

मला तो परत हवा आहे. दुसरं काही मागत नाही. तुम्ही सांगाल ते करीन.

रसिका


शहाड
२४ मे

रसिकाताई,

बारक्याला त्याच दिवशी कल्याणला डॉक्टरांकडे नेलं. पाठीला मलम आहे, गोळ्या आहेत. ताप होता, तो उतरला. केस येतील, पण कसे येतील ते दिवाळीपर्यंत कळेल. घरी आणला तेव्हा ठमाबाईंनी त्याच्या अंगावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "त्याचा पांघरून कारला यांनी." आणि माझ्याकडे पाठ करून बसल्या, जसं काही मीच काढलं.

तुमचं पत्र वाचून मला वाईट वाटलं. पण माझा राग गेला नाही, तेही लिहिते. राग जावळाचा नाही. म्हाताऱ्या माणसाने प्रेमाने केलं, त्यावर काय रागवायचं? आणि तुमच्या एप्रिलच्या पत्राला मीच वेळेवर उत्तर दिलं नाही, तेवढा वाटा माझा आहे. राग "रोज विंचरतो" या दोन शब्दांचा आहे. खरं लिहिलं असतंत तर मी पत्र वाचताक्षणी आले असते आणि त्याची पाठ वेळेत सावरली असती. फोनवर लोक खोटं बोलतात म्हणून मी पत्र मागते. तुम्ही पत्रातच खोटं लिहिलंत. आता मी कशावर विश्वास ठेवू?

बारक्या इथेच राहील. काळीची जागा रिकामी आहे, अंगण आहे, मागे नदीचा वारा येतो. त्याच्या भल्याचंच आहे.

तुम्ही विचारणार, म्हणून सांगते. खातो थोडं. दुपारभर गेटाकडे तोंड करून बसतो.

कल्पिता


कोपर
२९ मे

चि. कल्पिता,

आशीर्वाद. मी शेवंती पाष्टे, रसिकाची सासू. तुला माझी ओळ हवी होती असं तिने आज सांगितलं. मी सातवीपर्यंत शिकले, पण लिहायची सवय गेली. चुका पोटात घाल.

जावळ माझ्या मनाने झालं. रसिका विचारूया म्हणाली होती, मी ऐकलं नाही. आमच्या गावाजवळ धनगर मेंढरं कातरतात उन्हाळ्याच्या आधी, मेंढरं मग उड्या मारतात. मला वाटलं ह्यालाही बरं वाटेल आणि नवसही फिटेल. देवीने मला नातवंड दिलं ते असं दिलं, चार पायांचं दिलं, तर मी तोंड वाकडं का करू, असं मनात आलं. त्याला भाजेल हे मला कळलं नाही. तेल लावताना तो माझा हात चाटायचा.

सोबत चार झबली पाठवते. माझ्या जुन्या सुती साड्या आहेत, धुऊन धुऊन मऊ झालेल्या. पाठ पूर्ण झाकेल अशी बेतली आहेत. पायांची भोकं अंदाजाने ठेवली. तो तिथे राहिला तरी त्याला घाल, नाही म्हणू नको.

रसिका जेवत नाही. सुदेश पहाटे उठून एकटाच खाली चक्कर मारून येतो. मी हिला इतकी वर्षं काही विचारलं नाही, दुखेल म्हणून. तिला ते वेगळंच वाटत राहिलं, हे मला आत्ता कळलं. आता रोज दोघी बोलतो. बोलायला विषय तोच आहे, बारक्या.

घरात कुत्रं नको असं मी म्हटलं होतं. आता हवं म्हणते. ही माझी ओळ समज.

शेवंती


शहाड
५ जून

बारक्याच्या आईला,

नमस्कार. सासूबाईंची ओळ पोचली. जानेवारीत मागितली होती, जूनमध्ये आली.

झबली आली. मागच्या पायांचं भोक एका बाजूला तंग होतं, ते ठमाबाईंनी उसवून सैल केलं. बारक्या आधी गोल गोल फिरला, मग गप्प बसला. आमचा तो हस्की, त्याचा बाप, त्याला बघून अर्धा तास भुंकत होता. काळी गेल्यापासून मी पहिल्यांदा हसले ते तेव्हा. पाठ सुकली आहे. मानेजवळ बारीक लव आली आहे. थोडी विरळ आहे, पण आली आहे.

खरं लिहायचं मी तुम्हाला सांगते, तर मीही लिहायला हवं. डॉक्टर पहिल्या आठवड्यातच म्हणाले होते, त्याला घरी न्यायला हरकत नाही. मीच देत नव्हते. रागाचं निमित्त होतं. मला तो ठेवून घ्यायचा होता. काळीच्या जागेवर तो झोपतो आणि पहाटे अंधारात मला काळीच वाटते. इतकी वर्षं मी पिल्लं घरोघर दिली, आणि परत आणून टाकणारेच बघितले. कुणी परत मागायला आलेलं मी बघितलं नव्हतं. मला ते ओळखताच आलं नाही.

सासूबाईंचं पत्र मी ठमाबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी परत एकदा वाचायला लावलं. मी म्हटलं, "राहू दे ना आई त्याला इथेच, मला सोबत होते." तर म्हणाल्या, "पोऱ्या आजोली आयलाय सुटीला. शाला चालू झाली का जातीलच ना पोरा घरा? आजोलच्यांनी पोर ठेवून घेतलेला कुटं आयकलास काय तू?" मी उठून त्याचं ताट धुतलं.

तेव्हा रविवारी या. तिघंही या. त्याचं हे आजोळ ठरलं, म्हणजे तुमचं माहेर झालं, असं ठमाबाईंनी परस्पर ठरवून टाकलं आहे. मासळीबाजारातून वाकट्या आणायला सांगितल्या आहेत, तुम्हाला जेवल्याशिवाय सोडणार नाहीत. तानाजीरावांना माझा नमस्कार सांगा आणि हेही सांगा, की माझा हर्षितसुद्धा बारक्याचा मामाच आहे, पुढे काही करायचं निघालं तर आधी त्याला विचारायचं. त्याच्याकडे मशीन नाही.

पत्र महिन्याला लिहायचं. वाईट असेल ते आधी लिहायचं. मी ते आल्या दिवशीच फोडीन.

मीठ काढून ठेवलं आहे. उजाडता उजाडता या, जेवण आपण सकाळीच उरकू, म्हणजे ऊन चढायच्या आत त्याला घरी नेता येईल.

कल्पिता